पत्रा आपला, पाय दुसऱ्याचा

लातूर शहरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. खाली स्वतःचं घर, वर चार खोल्या, त्या शिकवणीसाठी आलेल्या मुलांना भाड्याने दिलेल्या. गच्चीवर पत्र्याचं शेड. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि शेडचा एक पत्रा, वर ठेवलेल्या दगडांसकट, गल्लीत कोसळला. खाली हातगाड्यावर भाजी विकणाऱ्या बाईंच्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घालावा लागला. गाडाही मोडला. दवाखान्याचं बिल ९५ हजार झालं. बाईंचा मुलगा अडीच लाख मागतो आहे, नाहीतर पोलिसांत जाईन म्हणतो. यजमान म्हणतात, वारा काही आम्ही सोडला नव्हता. दीर बजावतात, दवाखान्यात भेटायलासुद्धा जाऊ नका, गेलात की चूक कबूल केल्यासारखं होईल. विम्याचं काम करणारा भाचा म्हणतो, लायबिलिटीची पॉलिसी काढून टाकू, तारखेचं बघता येईल. ताईंचे प्रश्न दोन आहेत. आम्ही खरंच देणं लागतो का? आणि हा लायबिलिटीचा विमा म्हणजे काय, पेन्शनवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना तो कशाला?

ताई,

तुमच्या पत्रात मधेच एक ओळ आहे: 'अकरा वर्षं मी त्यांच्याकडूनच मेथी-चुका घेते, आता त्या जागेवरून जाताना मान वर होत नाही.' अडीच लाखांचा आकडा पत्रात त्याच्या बराच नंतर येतो. तुमची झोप उडाली आहे ती या ओळीमुळे, असं मला वाटतं.

आधी यजमानांचं म्हणणं घेते, कारण ते मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात ऐकू येईल. वारा तुम्ही सोडला नाही, हे अगदी खरं. पण पत्र्यावर दगड कुणी ठेवले होते? आणि का ठेवले होते? पत्रा उडेल अशी शंका होती म्हणूनच ना? म्हणजे धोका तुम्हाला दिसला होता. त्यावरचा उपाय मात्र असा केला, की पत्र्याबरोबर दगडही खाली आले.

हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते पाहिलेल्या, ऐकलेल्या पिढीला डोक्यावर जड माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं छप्पर, नको वाटतं. दगडामातीच्या भिंतींखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर हलका पत्रा आपल्याला जवळचा वाटू लागला, त्यात काही चूक नाही. फक्त पत्र्याची एक खोड आहे. खालून वारा शिरला की तो वर उचलला जातो, आणि वरच्या दगडाला तेव्हा त्याला धरून ठेवणं जमत नाही. पत्र्यावरचे दगड पडून माणसं, लहान लेकरं दगावल्याच्या बातम्या अवकाळीच्या दिवसांत आपण वाचतो, हळहळतो, आणि आपल्या गच्चीवरचे दगड तिथंच राहतात.

कायद्यात 'दैवी आपत्ती' असा एक बचाव आहे, तुमच्या यजमानांच्या मनात तोच आहे. पण तो चालतो कधी? निसर्गाचा प्रकोप इतका असामान्य असेल, की शहाण्या माणसाला त्याचा अंदाज बांधणं आणि त्यापासून बचाव करणं शक्यच नव्हतं, तेव्हा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपार कलली की आभाळ भरून येतं, वावटळ उठते, वळीव येतो. हवामान खातं मराठवाड्यासाठी ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा इशारा उन्हाळ्यात अनेकदा देतं. दरवर्षी येणाऱ्या वाऱ्याला न्यायालय अनपेक्षित म्हणेल, असं मला वाटत नाही. वस्तू तुमच्या ताब्यातली होती का, तिच्यापासून कुणाला इजा होईल हे कळण्यासारखं होतं का, आणि साधारण समंजस माणूस घेईल तितकी काळजी तुम्ही घेतली का, एवढं पाहिलं जातं. यात तुम्ही कमी पडलात तर त्याला हलगर्जीपणा म्हणतात. हलगर्जी माणूस दुष्ट असावा लागत नाही. अतिशय सज्जन माणसांच्या घरावरचे पत्रेसुद्धा उडतात.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: हो, बहुधा तुम्ही देणं लागता. अंतिम शब्द न्यायालयाचा, पण 'आमचा काही संबंध नाही' या भिंतीला टेकून बसू नका, ती पक्की नाही.

आता तो अडीच लाखांचा आकडा. यजमानांनी त्याला खंडणी म्हटलं आहे. आपण एकदा कागदावर मांडून बघू. दवाखाना ९५ हजार. मांडीच्या हाडात रॉड पडल्यावर गाड्यामागे दिवसभर उभं राहायला पाच महिने तरी जातील असं धरा. दिवसाची सुटणारी कमाई ५०० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ६५ हजार झाले. गाडा, वजनकाटा आणि त्या दिवशीचा माल मिळून १५ हजार. पुढे फिजिओथेरपी, सोबतीला थांबणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी, कदाचित रॉड काढायची दुसरी शस्त्रक्रिया, यांचे ४० हजार. बेरीज २ लाख १५ हजार होते, आणि यात दुखण्याचा, वेदनेचा एक रुपयाही धरलेला नाही. मुलाचा स्वर चढलेला असेल. आई अंथरुणावर आहे, घरात येणारा पैसा थांबला आहे, अशा वेळी कुणाचाही चढेल. आकडा मात्र हवेतला नाही.

तुमच्या दिरांच्या सांगण्यात थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. बाँड पेपरवर घाईत सही करू नका, 'सगळी चूक आमची, वाट्टेल तेवढं देऊ' असं लिहून देऊ नका, इथपर्यंत मी त्यांच्याशी सहमत आहे. पण जखमी माणसाला भेटणं, डबा नेणं, बिलातली काही रक्कम थेट दवाखान्यात भरून पावती घेणं, याला माणुसकी म्हणतात. केवळ भेटीला गेलात म्हणून न्यायालय तुम्हाला दोषी धरत नाही. उलट माझा अनुभव असा, की अशी प्रकरणं पोलीस ठाण्यापर्यंत जातात ती बहुतेकदा कुणी फिरकलंच नाही म्हणून. ताई, तुम्ही जा. यजमान आले तर उत्तम, नाहीतर एकट्या जा.

दवाखान्यात गेल्यावर एक गोष्ट आवर्जून विचारा. तो दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. झालेल्या बिलाचं काही होईल की नाही तो सांगेल, आणि पुढची शस्त्रक्रिया लागलीच तर ती तरी योजनेत बसते का हे आत्ताच कळेल. गाड्यावर पोट असलेल्या माणसाला हे सांगणारं कुणी नसतं, आणि तुमचे यजमान सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालवलेले आहेत. रेशनकार्ड, आधार, डिस्चार्ज कार्ड यांची फाईल त्यांनी लावून दिली तर निम्मा राग तिथंच उतरेल.

तडजोड कराल ती गल्लीतल्या पंचांसमोर करू नका. लातूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तसं ते प्रत्येक जिल्ह्याला आहे. खटला दाखल होण्याआधीसुद्धा तिथं अर्ज देऊन लोकअदालतीत समझोता करता येतो. त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील होत नाही. म्हणजे तुम्ही हप्त्याने देणार असाल तर त्यांना खात्री मिळते, आणि दोन वर्षांनी कुणी पुन्हा मागणी घेऊन दारात येणार नाही, ही खात्री तुम्हाला. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तो हक्क त्या भाजीवाल्या बाईंनाही आहे आणि तुम्हालाही. फौजदारी बाजूचं काय करायचं हेसुद्धा त्याच वकिलाला विचारा.

भाच्याबद्दल थोडं कडक लिहिते. 'तारखेचं बघता येईल' हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारू नये. झालेल्या अपघातासाठी विमा काढता येत नाही. घर जळून गेल्यावर आगीचा विमा कोण देईल? पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. दवाखान्यात अपघाताचा रुग्ण आला की मेडिको-लीगल नोंद होते, तिच्यावरही तारीख असते. हे दोन कागद शेजारी ठेवले की खोटं उघड पडतं, आणि मग भरपाईच्या साध्या प्रकरणाचं फसवणुकीचं प्रकरण होतं. या वेळचे पैसे तुम्हाला तुमच्याच खिशातून द्यायचे आहेत, हे आज मान्य करून टाका.

आणि तरीही भाचा ज्या विम्याचं नाव घेतो आहे, तो विमा चांगला आहे. चुकीच्या दिवशी, चुकीच्या कारणासाठी सुचवला, एवढंच.

तो म्हणजे काय, हे तुमच्या दारात उभ्या असलेल्या स्कूटीवरून सांगते. पोलिसाने अडवलं की आपण 'थर्ड पार्टी' दाखवतो. हा तिसरा पक्ष कोण? पहिला पक्ष तुम्ही, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस, ज्याला तुमच्या गाडीमुळे इजा होऊ शकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा केला आहे. तुमच्या स्कूटीमुळे कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते, आणि मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी त्या रकमेला वरची मर्यादा नाही. १ जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी याचा वार्षिक दर ठरला तो ७१४ रुपये, वर कर. यातला रुपयाही तुम्हाला 'परत' मिळत नाही. आपल्याकडे विमा म्हटलं की मुदत संपल्यावर बोनससकट येणारी रक्कम डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. पण त्यातून दुसरं काही विकत घेतलेलं असतं. 'तुमचं नुकसान आम्ही भरून देऊ' असं म्हणण्याची ऐपत. ती ऐपत नसेल तर चांगुलपणा असूनही समोरच्याचा पाय बरा करता येत नाही, हे तुम्ही आज अनुभवता आहात.

(जाता जाता, त्या स्कूटीचा कागद आजच काढून बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांची मिळते. पाच वर्षं कुणी आठवण करत नाही, आणि सहाव्या वर्षी गाडी विमा नसताना फिरत असते. घरातल्या माणसाला वाटत राहतं, आपली गाडी 'इन्शुअर्ड' आहे.)

हीच थर्ड पार्टी घराला लावली की झाला वैयक्तिक दायित्वाचा विमा, बोलीभाषेत पर्सनल लायबिलिटी. गच्चीवरचा पत्रा, कठड्यावरची कुंडी, कलती कंपाउंड भिंत, फाटकाला लागून उभी असलेली फांदी, पाळलेला कुत्रा, नातवाने मारलेला चेंडू. यातल्या कशामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं, आणि कायद्याने तुम्ही भरपाई देणं लागत असाल, तर ती कंपनी देते. बहुतेक पॉलिसींत तुमच्या बाजूने लढण्याचा वकिलीचा खर्चही येतो. गाडीमुळे झालेलं काही यात बसत नाही, त्याला गाडीचाच विमा. मुद्दाम केलेलं बसत नाही, दंड आणि शिक्षा तर कुठल्याच विम्यात बसत नाहीत. हलगर्जीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ती भोगायला विमा कंपनी येत नाही.

तुम्ही लिहिता, 'घराचा विमा आमच्याकडे आहेच, बँकेने कर्जाच्या वेळी काढला होता.' तो कागद मला न बघताही सांगता येईल की त्यात बहुधा दोनपैकी एक असेल. एक म्हणजे यजमानांच्या जिवाचा विमा, म्हणजे त्यांना काही झालं तर कर्ज फिटावं. दुसरा म्हणजे इमारतीचा. १ एप्रिल २०२१ पासून इमारतीसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या शब्दांची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. आग, वादळ, पूर, भूकंप यांत घराचं आणि घरातल्या सामानाचं झालेलं नुकसान ती भरून देते. म्हणजे उडालेल्या पत्र्याचे पैसे तिच्यातून मागता येतील. मोडलेल्या पायाचे येणार नाहीत. हा फरक तुमच्या-माझ्या ओळखीतल्या फार थोड्यांना माहीत असतो.

दायित्वाचं कलम भारतात सहसा सुटं मिळत नाही. 'हाउसहोल्डर्स पॅकेज' म्हणून ज्या पॉलिसी असतात, त्यांत चोरी, दागिने, घरातली यंत्रं अशी वेगवेगळी कलमं असतात आणि एक कलम 'पब्लिक लायबिलिटी' असतं. किंवा घराच्या विम्याला जोड म्हणून ते घेता येतं. एजंटला हेच शब्द सांगा. एक घोळ टाळा. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा म्हणून जो आहे, तो १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर घातक रसायनं हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आला. त्याचा तुमच्या घराशी संबंध नाही.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती पत्रात तुम्ही ओझरती लिहिली आहे. वरच्या चार खोल्यांत शिकवणीची मुलं राहतात. लातूरमध्ये हे इतकं सर्रास आहे, की त्याला आपण धंदा म्हणतच नाही. विमा कंपनी म्हणते. घरगुती पॉलिसीत व्यवसायातून उद्भवणारं दायित्व वगळलेलं असतं. उद्या एखादं पोर जिन्यावरून घसरलं, गिझरचा शॉक बसला, तर 'तुम्ही वसतिगृह चालवता, हे आम्हाला सांगितलं नव्हतं' असं म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. विम्याचा करार सगळं खरं सांगण्यावर उभा असतो. म्हणून प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये खोल्या किती, मुलं किती, मेस आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. गच्चीवरच्या शेडला महापालिकेची परवानगी नसेल तर तेही. हप्ता वाढेल, किंवा भाड्याच्या भागासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल. तो खर्च भाड्यातून वळता करा, पण लपवून स्वस्तातली पॉलिसी घेऊ नका. मुलांकडून भाडं घेणाऱ्या लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या प्रत्येक घरमालकाला माझं हेच सांगणं आहे.

पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावरची रक्कम बघून थांबू नका. दायित्वाच्या कलमात 'एओए' आणि 'एओवाय' अशी अक्षरं असतील. पहिलं एका अपघातासाठीची मर्यादा, दुसरं वर्षभरातल्या सगळ्या अपघातांची मिळून. वकिलीचा खर्च त्या मर्यादेच्या आत आहे की वेगळा, हे विचारा. पहिले किती रुपये तुम्ही स्वतः भरायचे, तेही. घरातलं कोण कोण त्यात आहे? धुण्याभांड्याच्या मावशी कामावर असताना पडल्या तर त्या 'तिसरा पक्ष' धरल्या जात नाहीत. कामाला ठेवलेल्या माणसासाठी वेगळं कलम असतं, ते मागून घ्या. घराचं बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती चालू असताना झालेला अपघात बऱ्याचदा वगळलेला असतो, तेव्हा गुत्तेदाराकडे त्याच्या कामगारांचा विमा आहे का, हे कामाला हात लावण्याआधी विचारायचं.

आणि एक अट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. पॉलिसी असताना काही घडलं तर कंपनीला लगेच लेखी कळवायचं, आणि तिच्या संमतीशिवाय कुणाला चूक लिहून द्यायची नाही किंवा रक्कम कबूल करायची नाही. जखमीला उचलून दवाखान्यात न्यायला कुणाच्या संमतीची वाट बघायची नाही. पैशाची बोलणी मात्र कंपनीला सोबत घेऊन करायची. दावा विनाकारण नाकारला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग १५५२५५ या विमा नियामकाच्या क्रमांकावर, आणि शेवटी विमा लोकपालाकडे जाता येतं. मराठवाड्यासाठी लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

'हे श्रीमंतांचे विमे' असं तुम्ही म्हणता, तिथं मी थांबते, कारण मला नेमकं उलटं वाटतं. समजा त्या संध्याकाळी पत्रा पायावर न पडता डोक्यावर पडला असता. वाहन अपघातांत न्यायालयं भरपाई कशी काढतात ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यांत ठरवून दिलं आहे. पत्रा पडल्याच्या दाव्याला तेच सूत्र बंधनकारक नाही, पण अंदाज येण्यासाठी ते लावून बघते. बाईंचं वय ३८, महिन्याची कमाई १२ हजार, मागे तीन जण त्यांच्यावर अवलंबून. वर्षाचे १ लाख ४४ हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २ लाख १ हजार ६००. त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा केला की उरतात १ लाख ३४ हजार ४००. त्या वयाला गुणक १५, म्हणजे ही रक्कम १५ ने गुणायची. होतात २० लाख १६ हजार रुपये. श्रीमंत माणूस एखादा प्लॉट विकून यातून बाहेर पडेल. यजमानांची पेन्शन जप्त होत नाही, कायद्याने तिला संरक्षण आहे. पण हुकूमनामा झाला तर शहरातल्या घरावर जप्ती येऊ शकते. आणि घर सोडून तुमच्याकडे दुसरं काय आहे? जिच्या हातात एकच घर आहे तिलाच याची जास्त गरज.

जर्मनीत हा विमा सक्तीचा नाही, तरी बहुतेक कुटुंबांकडे असतो. तिथं १९०० पासून लागू असलेल्या नागरी संहितेच्या ८२३व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याला निष्काळजीपणे इजा केली की भरपाई द्यावी लागते, आणि त्याला वरची मर्यादा नाही. आपल्याकडची मुलं शिकायला, नोकरीला तिकडे जातात तेव्हा खोली घेताना घरमालक हा विमा आहे का, असं विचारतो आणि ती गोंधळून घरी फोन करतात. मला वाटतं तिथल्या लोकांनी एक गोष्ट मनाशी मान्य केली आहे: आपल्या हातून कधीतरी चूक होईल. आपण ते मान्य करायला कचरतो. विमा काढला तर अपघात ओढवून घेतल्यासारखं वाटतं.

खेड्यातल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण तिथं धोका पत्र्यापुरता नसतो. ट्रॅक्टरची थर्ड पार्टी असली तरी मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसवलेली माणसं त्यात सहसा धरली जात नाहीत, आणि ट्रॉलीचा विमा वेगळा असतो. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढायला लावला आणि अपघात झाला, तर कंपनी तेच कारण पुढे करते. आणि कोरडे गेलेले बोअर. आपल्या आठही जिल्ह्यांत ते किती असतील देव जाणे. उघडे बोअर बुजवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच निर्देश दिले आहेत. त्याचा विमा शोधत बसू नका, आज संध्याकाळच्या आत झाकण बसवा.

तुमच्या गच्चीवरही तेच. पॉलिसी नंतर, आधी दगड उतरवा. वेल्डरला बोलवून पत्रे लोखंडी अँगलला जे-हुकने किंवा स्क्रूने आवळून घ्या, गंजलेला पत्रा बदला, वाऱ्याच्या बाजूची कड नीट बांधून घ्या. पाडव्याला गुढी उभारायला गच्चीवर जाल तेव्हा प्रत्येक हुक हाताने हलवून बघायचा, अशी सवय लावा. वळीव त्यानंतरच येतो. दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा, विम्याच्या फॉर्मला जोडता येतील. आणि काळजी घेतली होती हे कधी सिद्ध करायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतील.

पैसे एकदम देणं जमणार नाही असं तुम्ही लिहिलं आहे. मग क्रम ठरवा. लोकअदालतीचा निवाडा व्हायला काही आठवडे जातील. तोवर पहिले १५ हजार त्यांच्या गाड्यावर खर्च करा, पावती ठेवा, पुढे हिशेबात धरता येतील. नवी चाकं, नवा काटा. मुलगा सध्या घरी बसून आहे असं तुम्ही लिहिता. आई उठेपर्यंत गाड्यावर तो उभा राहू शकेल. आणि गाडा जागेवर आला की मेथी त्याच्याकडूनच घ्या.